कागदावर साठ कोयते

रविवार, १४ नोव्हेंबर १९४८
साखर कारखान्याची वसाहत, कोपरगाव तालुका

ही वही मरियमने दिली. म्हणाली, दिवसभर मला जे ऐकवता ते हिच्यात लिहा, माझे कान तेवढे सुटतील. बायको असं बोलते म्हणून कोणी लिहायला बसतं का? मी बसलो.

काल सामान लागलं. कारखान्याने दोन खोल्या दिल्यात. पुढच्या खोलीत ऑफिस, मागे संसार. दारावर पाटी आहे: ‘शां. य. उजागरे, करार तपासनीस, लेबर खाते.’ पाटी मी स्वतः पुसली, दोनदा पुसली. त्यात लाज कसली! आमचे वडील, यशया, चावडीच्या पायरीखाली उभे राहून पाटलाचा निरोप घ्यायचे. त्यांचा मुलगा मिशनच्या शाळेत चौदा वर्षं मास्तरकी करून आज सरकारी शिक्का बाळगतो, आणि कारखान्याचे शेतकी अधिकारी आबासाहेब त्याला ‘या साहेब’ म्हणून खुर्ची देतात. खुर्चीत बसलो तेव्हा वडील आठवले. खोकल्यासारखं केलं.

काम असं. पाथर्डीकडून आणि पलीकडे मोगलाईतून माणसं इथे ऊस तोडायला येतात, त्यांना मुकादम आणतात. मुकादमाने त्यांच्याशी केलेले करारनामे तपासायचे. करार वाचून दाखवला का, अंगठा त्यांचाच का, प्यायचं पाणी, राहायच्या कोप्या धड आहेत का, हे बघून नगरला निसळसाहेबांकडे अहवाल पाठवायचा. स्वराज्य आलंय, आता नुसत्या शब्दावर कोणी कोणाला राबवून घ्यायचं नाही. माझी जागा मार्चअखेरपर्यंतच आहे. पण असं काम करून दाखवीन की खात्याला मला सोडवणार नाही.

गुरुवार, १८ नोव्हेंबर

पहिली तपासणी पार पडली. मुकादमाचं नाव कानिफनाथ. पाथर्डीकडचा, अंगाने आडवा, बोलायला गोड. इथे माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. ‘साठ कोयतं हाईत सायेब,’ म्हणाला, आणि साठ करारनामे समोर ठेवले. मी साठही माणसं बांधावर बोलावली, करार खणखणीत आवाजात वाचून दाखवला, प्रत्येकाचा अंगठा ताडून पाहिला. एका गड्याने तर माझे पाय धरले. आजवर कोणी असं वाचून दाखवलं नव्हतं म्हणे. मी त्याला उठवलं आणि सांगितलं, हा तुझा हक्क आहे. हे वाक्य मला फार आवडलं, अहवालात घातलंय.

उसाच्या फडात त्यांच्या बायकाही होत्या, पोरंबाळं होती. मदतीला येतात. पाणी विहिरीचं आहे, चांगलं आहे. कोप्या पाचटाच्या, पण कोरड्या.

माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून पक्की प्रत मरियम काढते. मसुदा माझा. तिने दोन-चार वाक्यं इकडची तिकडे केली. विचारलं तर म्हणाली, तुम्हीच तशी सांगितली होती. सांगितली असतील. मग मध्येच थांबून विचारते, ‘अहो, यात बायका कुठे आहेत?’ मी म्हणालो, करार कोयत्याचा असतो, बायकांचा नसतो. तिने पुढे लिहिलं.

गुरुवार, २ डिसेंबर

निसळसाहेबांचं पत्र! ‘अहवाल सुवाच्य व मुद्देसूद असून अन्य तपासनिसांना नमुना म्हणून पाठविण्यात येत आहे.’ नमुना म्हणून! मरियमला दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा वाचताना ती तांदूळ निवडत होती, तरी हसली. आबासाहेबांनाही सहज जाताजाता दाखवलं. खरं सांगायचं तर त्यासाठी वाट वाकडी करून गेलो होतो.

सोमवार, २० डिसेंबर

आजचा दिवस लिहू नये असं वाटतं. पण वही खोटं बोलायला घेतलेली नाही.

दुपारी दारात एक बाई येऊन उभी राहिली. हातांवर उसाच्या पात्यांनी चिरा पडलेल्या, कडेवर वर्षाची पोर, मागे पाचेक वर्षांची दुसरी. नाव कडूबाई, कानिफनाथच्या टोळीतली. परवा तिच्या नवऱ्याच्या हातावर कोयता बसला, दोन बोटं गेली. त्याला नगरच्या दवाखान्यात नेलंय, हंगामभर तो हात काही चालायचा नाही. मुकादम तिला म्हणाला, तुझा कोयता मोडला. दोन माणसं असली तरच कोयता, एकटीला कोयता म्हणत नाहीत. कोपी रिकामी कर. नाहीतर माझा चुलतभाऊ एकटाच तोडतोय, त्याच्याबरोबर जोडी लावून देतो. म्हणजे या बाईने परक्या पुरुषाबरोबर एका कोपीत राहायचं! गावी जावं तर यंदा त्यांच्याकडे बाजरी जळून गेली, घराला कुलूप आहे आणि शेजारीही सगळे इकडेच आलेत. पाडव्यापर्यंत इथे काम राहिलं तर पोरी जेवतील, एवढाच तिचा हिशेब.

रडली नाही, हात जोडले नाहीत. म्हणाली, ‘साठ कागुद तपासल्यात ना तुमी? त्यात माजं नाव दावा. मंग मुकादम मला कसा काढतो ते बगते.’

मी रजिस्टर उघडलं. सदतिसावा करार, तिचा नवरा भिवा, डाव्या हाताचा अंगठा. खाली काही नाही. मी म्हणालो, बाई, कागदावर तू नाहीस.

‘कागदावर न्हाई? मंग दिवाळीपास्नं त्यो ऊस कोन तोडतंय?’

मी रजिस्टर मिटलं. मग जे बोललो ते तोंडातून गेलं म्हणून लिहितो: माझ्या अखत्यारीत नाही, मुकादमाशी गोडीने बोलून बघ. तिने माझ्याकडे पाहिलं, पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि गेली. मरियम आतल्या दारात होती. रात्री तिने वाढलं. आमटीत मीठ नव्हतं, तशीच खाल्ली.

मंगळवार, २१ डिसेंबर

सकाळी फडात गेलो. बांधावर नाही, उसाच्या आत शिरलो. गेल्या वेळी बांधावर खुर्ची टाकून बसलो होतो, उंटावरून शेळ्या हाकल्या नुसत्या. आज कोयते मोजले नाहीत, माणसं मोजली. नवरा ऊस बुडख्याला तोडतो, बायको शेंड्याचं वाढं छाटते, पाचट काढते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेते. कितीतरी बायका तर स्वतःच बुडखा तोडत होत्या. रंगुबाई नावाची साठीला टेकलेली विधवा आहे. मुलगा आणि सून यांच्या कोयत्यावर तिसरी म्हणून राबते आणि दोन्ही तरण्यांच्या पुढे असते. मोजून एकोणसाठ बायका. माझ्या नमुनेदार अहवालात एकही नाही.

कडूबाईही तिथेच होती. रंगुबाईने तिला पोरींसकट आपल्या कोपीत घेतलंय. मुकादमाने तूर्त चालवून घेतलंय, तेही रंगुबाईच्या तोंडाला भिऊन.

घरी येऊन जुन्या अहवालाचा मसुदा काढला. अहवाल मागे घ्यायचा म्हणजे नगरच्या ऑफिसात हसं. ज्या कागदाला नमुना म्हटलं त्यालाच मी चूक म्हणायचं? मार्चनंतर मला कोण ठेवील? मरियमला विचारलं, काय करू. ती म्हणाली, ‘चुकलं असं लिहायला शाई काही जास्त लागत नाही.’ एवढं बोलून चुलीकडे गेली. संतापच आला मला. पण लिहायला घेतलं.

शुक्रवार, २४ डिसेंबर

दुरुस्तीचा अहवाल काल रवाना झाला. ‘यापूर्वीच्या अहवालात निम्मे मजूर माझ्या नजरेतून सुटले’ हे वाक्य लिहिताना टाक दोनदा मोडला. तरी सांगतो, पत्र पोस्टात पडल्यावर छाती रुंद झाल्यासारखी वाटली. पवित्र शास्त्रात कबुलीविषयी जे सांगितलंय ते रविवारी ऐकायला सोपं वाटतं.

आज आबासाहेब स्वतः घरी आले. तुमचा सण म्हणून टोपलीभर गूळ आणि केळी आणली. गोष्ट अशी निघाली की बायका कागदावर कधीच नव्हत्या, नवरे नाराज होतील, मुकादम टोळी उठवून दुसऱ्या कारखान्याला नेईल, ऊस उभा वाळेल. आणि साहेब, तुमची जागा कायम व्हावी म्हणून मी वर शब्द टाकू शकतो. माणूस वाईट नाही. त्यांच्या डोक्यावर कारखान्याचं गाळप आहे. पण मी उभा राहिलो आणि म्हणालो, आबासाहेब, टोपली परत घेऊन जा. अगदी जसं बोलावं तसं बोललो.

टोपली उचलायला आत गेलो तर ती रिकामी! मरियमने गूळ नाताळाच्या करंज्यांत घातला होता आणि केळी कोप्यांवरच्या पोरांना वाटून टाकली होती. आता काय करता? रिकामी टोपली मोठ्या रुबाबात परत केली. बाजारातून तेवढाच गूळ आणि तेवढीच केळी घेऊन उद्या आबासाहेबांच्या घरी पाठवायची आहेत. करंज्या मात्र झकास झाल्यात.

शनिवार, ८ जानेवारी १९४९

नगरहून उत्तर आलं. शाबासकी नाही, शिवीही नाही. ‘प्रत्येक स्त्री मजुराने आपले पूर्ण नाव मुकादम व कारखान्याचा प्रतिनिधी यांच्या समक्ष स्वमुखाने सांगावे. यादी १५ जानेवारीपर्यंत न पोहोचल्यास मूळ अहवाल कायम धरण्यात येईल.’ शेवटी एक ओळ: ‘अक्षर नेहमीप्रमाणे उत्तम.’

म्हणजे आठवड्याच्या आत एकोणसाठ नावं. नाहीतर कडूबाईला कोपी सोडावी लागेल, आणि तो कागद माझ्या सहीचा असेल. कानिफनाथला पत्र वाचून दाखवलं. तो म्हणाला, ‘व्हय सायेब, सवताच्या तोंडानं सांगू द्या की. माजी काय ना न्हाई.’ एवढ्या लवकर ऐकेल असं वाटलं नव्हतं.

मंगळवार, ११ जानेवारी

तोंडात मारल्यासारखं झालंय.

काम सुटल्यावर बायकांना कोप्यांपुढे रांगेत उभं केलं. टेबल, रजिस्टर, शाई, एका बाजूला आबासाहेब, दुसऱ्या बाजूला कानिफनाथ. पहिलीला विचारलं, पूर्ण नाव? म्हणाली, साळू. पुढे? गप्प. नवऱ्याचं नाव सांग. तिने पदर दातात धरला आणि मागच्या बाईच्या आड गेली. दुसरी, तिसरी, दहावी, सगळ्यांची तीच तऱ्हा. ‘पोराच्या बापाचं’ म्हणतात, ‘आमच्या घरचं’ म्हणतात. एक म्हणाली, ‘त्यास्नीच इचारा की.’ मी आवाज चढवला. मग तर सगळ्याच मान खाली घालून उभ्या राहिल्या. शेजारची दुसरीच्या नवऱ्याचं नाव सांगू लागली तर कानिफनाथने लगेच बोट वर केलं: सायबाच्या पत्रात सवताच्या तोंडानं हाय. आता कळलं त्या दिवशी त्याने मान का डोलावली! या मुलखातलं शेंबडं पोरही जाणतं की बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. माझी आई तर माझ्या बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्रीसाहेबांनी विचारल्यावर ‘ह्याचा बाप’ म्हणाली होती, आणि तसंच चर्चच्या वहीत लिहिलं जाता जाता राहिलं. हे सगळं मला ठाऊक होतं, आणि तरी मी टेबल मांडून बसलो. साहेब झालो ना!

एकोणसाठ ओळींत एकोणसाठ अर्धी नावं. कडूबाईचंही तसंच. तिच्याकडे मी पाहिलं, तिने मान हलवली. नवरा दवाखान्यात पडलेला असताना त्याचं नाव घेतलं तर त्याच्या जिवावर बेतेल, असं तिच्या मनाने घेतलंय. तिला दोष कसा देऊ? कोपी जाईल हे कळत असून तिने ओठ मिटले.

बुधवार, १२ जानेवारी

सकाळी निसळसाहेबांचं पत्र पुन्हा पुन्हा वाचत होतो. मरियम मागून येऊन उभी राहिली. तिने विचारलं, यात नवऱ्याचं नाव कुठे मागितलंय? मी म्हणालो, पूर्ण नाव म्हणजे तेच की. ती म्हणाली, ‘माझं लग्न व्हायच्या आधी माझं नाव अर्धं होतं का?’

मी पत्र आणखी एकदा वाचलं. खरंच, ‘पूर्ण नाव’ एवढंच होतं. ही युक्ती मला सुचली तेव्हा मी टेबलावर थाप मारली आणि शाई सांडली.

संध्याकाळी पुन्हा टेबल मांडलं. बायका मोकळं बोलतील म्हणून मरियमला शाईची गादी धरायला बरोबर नेलं. पहिली रंगुबाई. मी म्हणालो, तुझं नाव, बापाचं नाव, जन्मगाव. म्हातारी माझ्याकडे बघतच राहिली. ‘बापाचं? माज्या बापाचं नाव?’ होय म्हणालो. ‘तात्याबा,’ म्हणाली, आणि परत म्हणाली, ‘तात्याबा. लई दिसांनी कोनी इचारलं.’ पदर तोंडाला लावला. मग मागच्या बायकांना काय झालं कोण जाणे, एकीपाठोपाठ एक पुढे येऊ लागल्या. साळू गेनूची, ठकू रामजीची, आणि बापाचं नाव अशा घेतात की पलीकडच्या फडात ऐकू जावं. एकीने बापाबरोबर आजाचंही सांगितलं. मी तेही लिहिलं. चाळीस-पन्नास वर्षांच्या बाया, पण त्या वेळेला माहेरी निघालेल्या पोरींसारख्या दिसत होत्या. नवरे मागे उभे होते. कोणी नाराज झालेला मला तरी दिसला नाही. एकजण तर बायको काय सांगते ते ऐकायला पुढे आला, त्याला सासऱ्याचं नाव माहीतच नव्हतं.

शेवटी कडूबाई. ‘कडूबाई किसन. जलम मोगलाईत, आष्टीकडं.’ ‘माज्या आधीची भावंडं जगली न्हाईत म्हनून कडू नाव ठिवलं,’ हेही सांगितलं तिने, कोणी विचारलं नसताना.

कानिफनाथ म्हणाला, नाव झालं, पण कोयता? एकटीचा कोयता कुठं असतो? तेवढ्यात रंगुबाई टेबलापाशी आली. ‘दोन मानसांचा कोयता ना? मंग ही आनि मी. दोन हावोत का न्हाई, मोज.’ बाप्याशिवाय कोयता कधी ऐकला नाही असं तो म्हणाला. मी आबासाहेबांना विचारलं, करारात बाप्या असं लिहिलंय का? त्यांनी करार हातात घेतला, चष्मा पुसून वाचला, बराच वेळ वाचला. म्हणाले, दोन मजूर एवढंच आहे. आणि स्वतः साक्षीदाराची पहिली सही केली. हे मात्र मी कधी विसरणार नाही.

दुसरी साक्ष लागते. कानिफनाथने हात मागे बांधले. टोळीत सही येणारा दुसरा कोणी नाही, सगळे अंगठ्याचे. आणि अंगठा चालला असता तरी नवऱ्यांपैकी कोणाला मुकादमाशी वाकडं घ्यायचं नव्हतं. तेव्हा कडूबाईने सरळ मरियमकडे बोट केलं. ‘ह्या बाईंची घ्या की. यांनाबी लिवता येतं.’ नियमात बाईने साक्ष द्यायला मनाई नाही. मरियमने टाक घेतला आणि लिहिलं: मरियम अब्राहाम. माझं नाव, आडनाव, काहीच नाही. बारा वर्षांच्या संसारात मी तिची अशी सही पाहिली नव्हती. चुकून राहिलं असेल, रांगेत सगळ्याच बापाचं सांगत होत्या. दुरुस्त करून घेणार होतो, पण ती शाई वाळवत होती आणि एकोणसाठही बायका तिच्याकडे बघत होत्या. राहू दिलं. साक्षीला चालतं.

रात्री यादीची पक्की प्रत झाली, उद्या सकाळी टपालात पडेल. एकसष्टावा करार जोडला. आज वडील असते तर त्यांना वाचून दाखवलं असतं.

सोमवार, १७ जानेवारी

कानिफनाथ सरळ हरणारा नव्हे. आज त्याने कडूबाई-रंगुबाईला सगळ्यात वाईट फड दिला, वाऱ्याने लोळलेला, एकात एक गुंतलेला ऊस. दिवस मावळायच्या आत गाडी भरून वजनकाट्यावर आली नाही तर कामाला नालायक म्हणून साहेबाला लिहून देईन, असं त्याने चारचौघांत सांगितलं. तसं लिहून द्यायचा त्याला अधिकार आहे, करारात ती अट आहे, मीच वाचून दाखवली होती.

मदत करायला टोळीतल्या बायका निघाल्या होत्या, रंगुबाईने त्यांना परत लावलं. दुसऱ्याचा हात लागला तर मुकादम तेच धरून बसेल. मी दुपारपासून वजनकाट्यापाशी येरझाऱ्या घातल्या. लेबर खात्याचं तिथे काही काम नव्हतं. काट्याच्या कारकुनाने दोनदा विचारलं, साहेब काही पाहिजे का. मी म्हणालो, हवा खातोय. हवा कसली, मळीचा वास! मरियम धाकट्या पोरीला कडेवर घेऊन कोप्यांवर थांबली होती.

सूर्य चिंचेच्या झाडाला टेकला तेव्हा गाडी दिसली. आधी बैल, मग गाडीवान, मग मागे चालत येणाऱ्या दोघी. रंगुबाई लंगडत होती. कडूबाईच्या गालावर पात्याने कापल्याची लांब रेघ होती, रक्त वाळलेलं. गाडी उसाने अशी भरली होती की मोळ्या दोराबाहेर आल्या होत्या. कानिफनाथ काट्यापाशी उभा होता. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, एक मोळी ओढून पाहिली, ती निघाली नाही. मग तंबाखू मळत बाजूला झाला.

गाडी काट्यावर चढली. कारकुनाने मान वर न करता नेहमीसारखं विचारलं, कोणाचा कोयता? गाडीवान सवयीने भिवाचं नाव घेणार एवढ्यात कडूबाई पुढे झाली.

‘कडूबाई किसन, रंगुबाई तात्याबा.’

कारकुनाचा टाक थांबला. त्याने विचारल्यासारखं माझ्याकडे पाहिलं, मग तिला म्हणाला, बाई, कोयत्याच्या मालकाचं नाव सांग, नवऱ्याचं.

‘ते दवाखान्यात हाईत,’ ती म्हणाली. ‘कोयता माजा हाय.’

त्याने लिहिलं. मी पुढे होऊन, त्याच्या खांद्यावरून वाकून, दोन्ही नावं नीट वाचली आणि मगच घरी आलो.